आवाजाची खुंटी

दिवेलागण झाली की आमचे हे सोप्यात खुर्ची टाकून बसतात, मोबाइल मांडीवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मग त्या मोबाइलमधून एक बाई बोलते, "हणमंतराव, इकडे बघा. श्वास घ्या." जरा थांबून पुन्हा तेच. आणि ह्यांच्या तोंडावर असं काही हसू पसरतं, की माझ्या हातातलं लाटणं आपोआप वर उचललं जातं.

म्हटलं, निदान कानात तरी घालून ऐका. तर म्हणतात, "कान दुखतो गं." म्हणजे मीही ऐकायचं. बायको भाकऱ्या थापतेय आणि नवरा परक्या बाईच्या आवाजावर डोळे मिटून हसतोय. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा सांगायचं काय, तर उपचार चाललेत!

तुम्ही म्हणाल, ही बाई रेकॉर्डिंगवर जळते. हो, जळते. माझी लेक ईश्वरी पुण्यात असते, तीही फोनवर हेच म्हणाली, "आई, अगं त्या आवाजाला हात नाहीत, पाय नाहीत, तू कसली घाबरतेस?" मी म्हटलं, "बाळे, तुझं लग्न होऊ दे, मग बोलू."

मी राजश्री थोरात. कृष्णाकाठी आमचं गाव, आता त्याला शहर म्हणायची पद्धत आहे. हे तिथल्या पाण्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर. पूर्वी तिथं चार माणसं लागायची. आता पंप स्वतःच चालू होतात, स्वतःच बंद होतात, आणि नदी किती चढली तेही स्वतःच वरच्या ऑफिसला कळवतात. माणूस एकच ठेवलाय, दिव्यांकडे बघत बसायला. हिरवा दिवा म्हणजे ठीक. लाल लागला तर बटण दाबायचं. वर्षानुवर्षं हिरव्या दिव्याकडे बघून माणसाचं काय होईल? आमच्या ह्यांचं जे झालं ते झालं. पंपहाऊसमागच्या बंधाऱ्यावर चिलीम ओढणारी मंडळी बसायची. हे आधी गप्पांना गेले, मग एक दम मारायला, आणि मग दम मारल्याशिवाय घरीच येईनात.

गांजा म्हणजे माझी पहिली सवत. तिच्याशी मी पंधरा वर्षं भांडले. रडले, उपास केले, माहेरी जाऊन बसले, ह्यांची कुडती नाकाला लावून हुंगली. काही उपयोग नाही. घरात असले तरी हे घरात नसायचे. मी बोलायची, हे "हं" म्हणायचे, आणि तो "हं" कुठून तरी लांबून यायचा. शेवटी एकदा लाल दिवा लागला आणि हे त्याच्याकडे बघून हसत बसले. टाकी भरून वाहिली, भाजी मंडईत गुडघाभर पाणी, वांगी-टोमॅटो तरंगत रस्त्यावर. साहेब म्हणाले, "थोरात, आता एकदाच संधी. गांजा सोडा, नाहीतर नोकरी सोडा."

अशा तऱ्हेनं आम्ही हायवेवरच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. डॉक्टर शिराळकर म्हणून होते तिथं, पांढऱ्या मिश्यांचे, शांत. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आपला मेंदू म्हणे स्वतःचाच थोडाथोडा गांजा बनवतो. त्या द्रव्याचं नाव शास्त्रज्ञांनी आपल्या 'आनंद' शब्दावरूनच ठेवलंय, आनंदामाइड. चिमूटभर तयार होतं, चिमूटभर वापरलं जातं. जेवण चवदार लागलं, मांडीवर लेकरू झोपलं, की ते तयार होतं आणि मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं. बाहेरचा गांजा त्याच जागा बळकावतो, आणि तोही पोत्यानं. मग मेंदू वैतागून त्या जागाच मिटायला लागतो. घरचा आनंद आला तरी त्याला बसायला जागा उरत नाही.

"म्हणजे लग्नाच्या पंगतीत न बोलावलेल्यांनीच सगळे पाट धरले," मी म्हटलं.

"अगदी. आणि गंमत अशी, की शेवटीशेवटी त्या पाहुण्यांनाही जेवणात चव लागत नाही. हणमंतरावांना विचारा, आता गांजा ओढून बरं वाटतं का?"

हे खाली बघत म्हणाले, "बरं वाटत न्हाई. पण लागतो."

"तेच," डॉक्टर म्हणाले. "लागणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं. मेंदूत दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. एकीला आपण ओढ म्हणू, दुसरीला गोडी. व्यसनात ओढ वाढत जाते आणि गोडी आटत जाते. माणूस नुसता ओढला जातो."

आता ही ओढ मारून टाकता येत नाही म्हणे, वळवता येते. आठवण नुसती जागी केली, की थोडा वेळ ती कणकेसारखी मऊ होते, आणि मग पुन्हा घट्ट होते. त्या मऊ वेळात तिला दुसरा आकार देता येतो. ह्यांच्या डोक्यावर एक टोप चढवायचा, समोर चिलीम ठेवायची, वास द्यायचा. हाव खवळली की टोपातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी कवटीच्या आत नेमक्या जागी सोडायचा, आणि त्याच क्षणी एक आवाज ऐकवायचा. असं पुन्हापुन्हा. मग ती हाव गांजाच्या खुंटीवरून निघते आणि त्या आवाजाच्या खुंटीवर जाऊन बसते. गांजा आठवला की आवाज ऐकायचा, की हाव शमते.

"आवाज कुणाचा?" मी विचारलं.

"बायकोचा असला तर उत्तमच. फक्त त्यांना नावानं हाक मारायची. स्वतःचं नाव ऐकलं की मेंदू हातातलं काम टाकून तिकडे बघतो. नाव हवंच."

इथंच घोडं अडलं.

अहो, मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. आमच्याकडे घेत नाहीत. पोरीबाळी आता घेतात, घेऊ देत, पण माझ्या सासूबाईंनी कधी घेतलं नाही आणि माझीही जीभ वळत नाही. शनिवारी मारुतीच्या देवळात गेले तरी 'मारुतीराया' म्हणते, दुसरं नाव तोंडाला येऊ देत नाही. आणि इथं टोप घातलेला नवरा, समोर डॉक्टर, काचेपलीकडे मशीनवाली बाई, आणि म्हणे हाक मारा! मला घाम फुटला. मग मी पदर सावरला, हात जोडले आणि मला येत होतं त्या एकाच रीतीनं नाव घेतलं, "कृष्णामाईचं पाणी वाहतं गावाच्या काठी, हणमंतरावांचं नाव घेते मशीनवाल्यांसाठी!"

काचेपलीकडची बाई हसूनहसून खुर्चीतून पडायची राहिली. हेही हसले. डॉक्टर मिश्या पुसत म्हणाले, "वहिनी, उखाणा फक्कड आहे, पण नाव येईपर्यंत वेळ निघून जातो. नुसतं 'हणमंतराव' म्हणा."

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "माझ्याच्यानं नाही व्हायचं," म्हटलं, "कुणीही म्हणा."

आणि ती काचेपलीकडची बाई, वृषाली कुंभार तिचं नाव, तिनं माइक ओढून सहज म्हटलं, "हणमंतराव, इकडे बघा. श्वास घ्या." पडद्यावरची लाल रेघ टुणकन वर उडाली. झालं. कुणीही म्हणा म्हटलं होतं ना मी? आपल्या हातानं खुंटी दुसरीला देऊन आले.

उपचार लागू पडला, हे मी नाही कशाला म्हणू? हे गांजाला शिवले नाहीत. अंगावर मांस चढलं. नोकरी टिकली. गावात लोक म्हणायला लागले, "वहिनी, सोनं झालं तुमच्या संसाराचं."

सोनं! दर गुरुवारी केंद्रात तपासणीला जायचं, तर हे बुधवारीच दाढीचं सामान काढून ठेवणार. इस्त्रीचा सदरा. केसांना तेल. माझ्यासोबत बाजारात येताना कधी तेल लावलं होतं? परसात माझा शेवगा आहे. पोटच्या पोरासारखा वाढवलाय. यंदाच्या पहिल्या कोवळ्या शेंगा मी आमटीसाठी राखून ठेवल्या होत्या. एका गुरुवारी बघते तर झाड बोडकं.

"शेंगा कुठायत?"

"मॅडमना दिल्या," हे म्हणाले. "त्यांनला आवडतात म्हणत होत्या."

"आणि मला काय आवडतं, ते ठाऊक आहे?"

हे विचारात पडले. खरंच विचारात पडले हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं सांगायचं तर माझी मलाच भीती वाटायला लागली होती. दुपारपासून मी घड्याळाकडे बघायची. आता बसतील, आता लावतील. कामं टाकून दाराआड उभी राहायची, आज किती वेळ ऐकतात, हसू कालच्यापेक्षा मोठं की लहान. हे आंघोळीला गेले की मोबाइल उघडून तेच रेकॉर्डिंग मी स्वतः लावायची. काय आहे एवढं त्या आवाजात? ऐकलं की छातीत कळ यायची, आणि तरी पुन्हा लावायची. भाकरी करपायची. ईश्वरीचा फोन आला तर अर्ध्यात तोडायची. ह्यांच्या अंगावर मांस चढत होतं आणि माझं उतरत होतं.

शेंगांच्या दुसऱ्या दिवशी मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

दिवेलागणीला हे बसले. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मग कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले, पाय जागच्या जागी हलायला लागला. हा पाय मला ओळखीचा होता. मला वाटलं आता रागावतील, मग मीही बोलेन, सगळं बाहेर काढीन. पण हे उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले.

तेव्हा मी स्वतःलाच म्हटलं, राजे, काय करून बसलीस! मी पदर खोचला आणि बंधाऱ्याकडे पळत सुटले. तिथं बाळू गवंडी, ह्यांचा जुना सोबती, चिलीम भरत बसला होता.

"हे आले होते?"

"आलता की," बाळू म्हणाला. "मी आपली चिलीम पुढं केली. हातात घेतली त्यानं, वास घेतला, आन् दिली परत. म्हणला, हायवेची एसटी गेली का रं?"

म्हणजे हे गांजाकडे येऊनही थांबले नव्हते. तिच्याकडे गेले होते.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून मला नावं ठेवू नका. देवापुढं दिवा लावावा अशी बातमी होती ती. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? ओढली असती चिलीम तर बरं झालं असतं. निदान ती सवत बाई तरी नव्हती. असं आलं मनात, आणि माझं मलाच शरमल्यासारखं झालं.

पुढची एसटी धरली. ड्रायव्हर नसलेली एसटी, थांबा आला की आतून एक बाई गोड आवाजात गावाचं नाव सांगते. मी छताकडे बघून म्हटलं, "तू गप बस गं." मागची म्हातारी दचकली.

केंद्राच्या पायरीवर हे बसले होते. शेजारी ती वृषाली. डोक्यावर हेल्मेट तसंच, खांद्याला पर्स, हातात शेंगदाण्याची पुडी. एक दाणा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "हणमंतराव, इकडे बघा. श्वास घ्या." पुन्हा दाणा, पुन्हा तेच. बारशाला आलेल्या बाईनं कंटाळून पाळणा हलवावा तसा सगळा कारभार. मला बघितलं आणि तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"आलात काकू! बरं झालं. घसा बसला हो माझा."

काकू! माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल.

"माझ्या नवऱ्याला नादी लावलंस आणि वर मला काकू म्हणतेस?"

तिनं हेल्मेट काढलं. दमलेला चेहरा, कपाळाला हेल्मेटचा वळ. "नादी? काकू, घरी मी बोलायला लागले की आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात. माझ्या आवाजाला कुणी भुलेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मला काय हौस आहे का? पोरगी घरी वाट बघतेय, स्वयंपाक राहिलाय, आणि ह्यांना असं थरथरताना सोडून जाववत नाही म्हणून बसलेय."

भांडायला खोचलेला पदर मी सोडला. पण मत्सर असा समजुतीनं जातो होय? माझ्या मनानं लगेच टिपलं, पोरगी घरी वाट बघतेय आणि तरी बसली!

डॉक्टर बाहेर आले. आता ह्यांच्याजवळ मी होते, तेव्हा वृषालीनं आत जाऊन रेकॉर्डिंग पुन्हा मोबाइलवर घालून दिलं, ह्यांचा पाय हलायचा थांबला. मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, "ही खुंटी बदला. मी घेते ह्यांचं नाव. पाहिजे तेवढ्या वेळा घेते. पण ओढ माझ्या आवाजावर आली पाहिजे."

"बदलता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण ऐका. बदलताना मधल्या वेळात हाव मोकळी सुटते. बहुतेकांची नव्या जागी बसते. काहींची परत गांजावर जाऊन बसते, आणि मग ती तिथून हलत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तुला बरं वाटत आसंल तर कर. तुझा जीव झुरतोय, मला दिसतंय."

दिसतंय म्हणे! आणि उपचाराला आठ महिने झाले, तरी बोलले नव्हते.

त्या रात्री आम्ही केंद्रातच राहिलो. सकाळी डॉक्टरांनी आधी मलाच खुर्चीत बसवलं. आवाज देणाऱ्या माणसाचा मेंदूही एकदा तपासायचा असतो म्हणे. नवीन टोप आला होता. मागच्या टोपाला नुसती लाल रेघ दिसायची, ओढीची. ह्याला दुसरी, हिरवीही दिसत होती, गोडीची, म्हणजे त्या घरच्या आनंदाची. वृषालीनं माझ्या कानाला आवाज नीट लागतोय का हे बघायला हाताशी होतं ते रेकॉर्डिंग लावलं, "हणमंतराव, इकडे बघा. श्वास घ्या."

डॉक्टर एकदम पुढे वाकले. "पुन्हा लाव." तिनं लावलं. "पुन्हा."

"काय झालं?" मी म्हटलं.

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. लाल रेघ भिंतीसारखी उभी चढली होती. हिरवी तळाला, हलायला तयार नाही. मग त्यांनी शेजारी एक जुनं चित्र लावलं. तीच उभी लाल रेघ. "हे हणमंतरावांचं. पहिल्या दिवशी समोर चिलीम ठेवली होती तेव्हाचं."

मी दोन्हींकडे बघत राहिले. एकावर एक ठेवलं तर फरक दिसला नसता.

"वहिनी, हे रेकॉर्डिंग तुम्हीही रोज ऐकता का?"

मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं, दाराआड उभं राहणं, आंघोळीच्या वेळी लावणं, करपलेल्या भाकऱ्या. हे खाली मान घालून ऐकत होते.

"आवडतं ते ऐकायला?"

"आवडायला काय झालंय? विष वाटतं. पण ऐकल्याशिवाय राहवत नाही." म्हटलं आणि माझे शब्द मलाच ऐकू आले. बरं वाटत न्हाई, पण लागतो. ह्याच खोलीत, हेच तर हे बोलले होते.

कुणी हसलं नाही. वृषालीही नाही. तिनं मला पाणी आणून दिलं, आणि पहिल्यांदाच मी तिच्या हातचं काही घेतलं.

मग टोप ह्यांच्या डोक्यावर गेला. डॉक्टर म्हणाले, "आता नाव घ्या." मी देवाची क्षमा मागितली, डोळे मिटले आणि म्हटलं, "हणमंतराव."

दोन्ही रेघा सपाट. उलट लाल जराशी दचकून खालीच आली. हे डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होते, घरात कुणी गेल्यासारखे. "काय झालं गं? समदं ठीक हाय न्हवं?"

"काही नाही झालं! नाव घेतलं तुमचं!" मी पुन्हा म्हटलं. पुन्हा सपाट. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं नाव, आणि ह्यांच्या डोक्यात त्याला माझ्या आवाजात जागाच नाही. वृषाली म्हणते तर टुणकन उडते! मला रडू आवरेना. डोळे पुसत बघितलं तर ह्यांचेही ओठ सुकलेले, टोपाखाली घाम. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अहो, घोटभर पाणी तरी घ्या. ओठ बघा कसे झालेत."

"थांबा!" डॉक्टर ओरडले. "कुणी हलू नका. वहिनी, काय म्हणालात?"

"पाणी घ्या म्हटलं."

"त्याच्या आधी."

"अहो म्हटलं. रोजच म्हणते."

पडद्यावर हिरवी रेघ वर चढत होती. लाल रेघेसारखी टुणकन नाही, दूध तापताना साय धरते तशी सावकाश. चढली आणि वरच राहिली. लाल मात्र जागची हलली नव्हती.

डॉक्टरांनी मिश्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी नाव नाव करत बसलो. ह्या घरात ह्यांचं नाव 'अहो' आहे, हे मला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी तेव्हा काही दिसलं नसतं. पंधरा वर्षांच्या गांजानं ह्या हिरव्याच्या जागा मिटलेल्या होत्या. आता उघडल्यात." ते माझ्याकडे वळले. "तुमचा आवाज ह्यांना लागत नाही, वहिनी. तुमच्या आवाजानं ह्यांना बरं वाटतं."

मी पदर तोंडाला लावला. पंधरा वर्षं लांबून येणारा तो "हं" आठवला.

"मग आता बांधा की ओढ ह्याच्यावर," मी म्हटलं. "'अहो'वर बांधा. दोन्ही रेघा माझ्या होऊ देत." खोटं कशाला सांगू, हावरटपणा सुटला नव्हता.

"बांधू शकतो. मग तुम्ही हाक मारली की हे धावत येतील. तुम्ही बाजारात गेलात तर थरथरतील. तुम्ही आजारी पडलात, गप्प बसलात, तर काल संध्याकाळी झालं तसं होईल. आणि ओढ जिथं बसते तिथली गोडी ती हळूहळू खाते. गांजाची खाल्ली तशीच. तुमचीही खाईल." त्यांनी टोपाच्या बटणावर हात ठेवला. "तुम्ही दोघं सांगाल ते करतो."

मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

हे म्हणाले, "मला गांजा लागत हुता तवा तुझ्या हातची आमटी गोड लागायची न्हाई. ह्या आठ महिन्यांत लागायला लागली. तेवढी राहू दे. बाकी तू सांगशील तसं."

वृषाली काचेपलीकडे उभी होती. माझ्या नवऱ्याची लाल रेघ तिच्या हातात होती, आणि तिला ती नकोच होती. मला पाहिजे होती. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत जीव गेला तरी पाहिजे होती. माझीही लाल रेघ तिच्याच आवाजावर टांगलेली मी आत्ताच बघितली होती. तसं ह्यांनी माझ्यावर टांगून घ्यायचं? थरथरत, घामानं भिजून, मी दाराआड उभी राहायची तसं?

"टोप काढा त्यांचा," मी म्हटलं. "खुंटी आहे तिथं राहू दे."

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला मशीन नको. फक्त ते रेकॉर्डिंग ऐकू नका. लावतील तेव्हा लांब जा. पहिल्यांदा जड जाईल."

जड? घरी आलो त्या संध्याकाळी मी परसात गेले, तर कान पाठीमागं फिरल्यासारखे दाराकडेच. दोनदा चुलीकडे जायचं निमित्त करून परत आले. दुसऱ्या दिवशी नळाची तोटी मोठी सोडून भांडी घासली, तरी ती बाई नळाच्या आवाजातूनही बोलतेय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच कानात बटण घालून बसले. "कान दुखतो ना?" विचारलं. म्हणाले, "दुखू दे."

मग कधीतरी एका बुधवारी मी शेवग्याला पाणी घालत होते. पुन्हा फुलोरा येऊन शेंगाही धरल्या होत्या, खालच्या फांदीला मुंग्या लागल्या होत्या, त्या झटकत बसले. शेजारीण कुंपणावरून सुनेची गाऱ्हाणी सांगत होती, तिलाही दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. ईश्वरीचा फोन आला, तो पुरता ऐकला. पाठीमागं पाऊल वाजलं. हे उभे होते, हातात चहाचे दोन कप.

"अगं, अंधारात काय करतेस?"

वर बघितलं तर खरंच अंधार. दिवेलागण होऊन गेली होती, ह्यांचं ऐकून झालं होतं, आणि मला पत्ताच नाही.

"अहो," मी म्हटलं. काम काही नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही. उद्या गुरुवार ना? शेंगा काढल्यात, पिशवीत घालून ठेवते. तिला द्या."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले. मी आत येऊन पिशवी भरली. कोवळ्या आमच्या आमटीला ठेवल्या, आणि तिला जरा निबर बघून घातल्या. एवढं चालायचंच.